कोळसा उगाळावा तितका...

कोळसा उगाळावा तितका काळाच, असे म्हणून आपण एखाद्या माणसाचा विषय कायमचा मिटवतो. पण हाच काळा तुकडा कागदावर उगाळून पाहा, म्हणजे ती म्हण घटकाभर बाजूला ठेवावी लागेल. हात हलका ठेवला की धुके उतरते, दाबला की रात्र. बोटाने पुसले की डोंगर मागे सरतो. पावाच्या मऊ तुकड्याने टिपले की त्या काळोखातूनच उजेड निघतो. इतके स्वस्त आणि इतके श्रीमंत साधन मला तरी दुसरे ठाऊक नाही.

आपल्या भाषेनेही इथे एक गंमत करून ठेवली आहे. लाकूड मातीखाली जेमतेम हवेत धुमसत ठेवून होतो तो कोळसा, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या अरण्याचा होतो तोही कोळसाच! एक लाकडी, दुसरा दगडी, एवढाच काय तो फरक. चित्रकार प्रभाकर पाचपुते ह्यांनी ह्या दोघांची गाठ घातली आहे. पहिल्या कोळशाने ते दुसऱ्याची कथा सांगतात.

पाचपुत्यांचा जन्म १९८६ चा, चंद्रपूर जिल्ह्यातील सास्तीचा. गाव कोळशाच्या खाणींचे; घरातल्या तीन पिढ्या खाणीत राबलेल्या. खैरागड व बडोदे येथे ते शिल्पकला शिकले, पण पुढे नावारूपाला आले ते कोळशाच्या चित्रांनी. २०१२ साली मुंबईच्या क्लार्क हाऊसमध्ये 'कॅनरी इन अ कोलमाइन' हे त्यांचे प्रदर्शन भरले. विलायतेतील खाणकामगार पूर्वी कॅनरी पक्ष्याचा पिंजरा खाली नेत असत. विषारी वायूने आधी पक्षी कोसळायचा आणि मग माणसांना धोका कळायचा! २०२१ साली वेल्समधील 'आर्टेस मुंडी' पारितोषिक सहा कलावंतांत विभागून देण्यात आले. त्यांत पाचपुते होते. वेल्सही खाणींचाच मुलूख. तिथल्या लोकांना ही चित्रे परकी वाटली नसावीत.

ह्या चित्रांत माणसाच्या धडावर कधी डोक्याऐवजी दिवाच असतो, कधी एखादे अवजार. भोवतालची जमीन पोखरलेली. पुष्कळदा ते थेट भिंतीवरच काढतात, आणि प्रदर्शन संपले की भिंत पुन्हा पांढरी होते. मात्र ह्या चित्रकाराला खाणीला नुसते शिव्याशाप देऊन मोकळे होता येत नाही. जिने जमीन खाल्ली, तिनेच घरोघरची चूलही पेटती ठेवली. खरी गोष्ट अवघड आहे ती इथेच.

ती मला नीट उमगली भंडारदऱ्याला. जूनच्या आरंभी, पाऊस तोंडावर असताना, आम्ही सहकुटुंब तिथे गेलो होतो. कोळशाच्या चार कांड्या आणि कागद सोबत होतेच. प्रवरेवरचे ते सुमारे दोनशे सत्तर फूट उंच दगडी धरण १९२६ साली पुरे झाले. ज्याला आपण 'निसर्गरम्य जलाशय' म्हणून डोळे भरून पाहतो, ते माणसाने अडवलेले पाणी आहे. वरच्या खोऱ्यातली जमीन त्याच्या पोटात गेली, तेव्हा कुठे खाली कालव्यांकाठी ऊस उभा राहिला. कागदावर मला आधी धरणाची रेघ ओढावी लागली. डोंगर मागाहून आले.

रात्री काजवे पाहायला निघालो. हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडेच्या झाडे एका तालात लुकलुकत होती. हा लखलखाट म्हणजे नर-मादीचा परस्परांना दिलेला इशारा असतो. काजव्याचे बहुतेक आयुष्य अळीरूपात मातीत, गोगलगायी खाण्यात जाते. पंख फुटल्यावर त्याला मिळतात थोडे आठवडे, आणि तेवढ्यात जोडीदार शोधायचा! त्यातच गाड्यांची रांग आली. दिव्यांचे झोत झाडांवर पडले, विजेऱ्या चमकल्या, कुणी फांदी हलवली; आणि ते झाड विझले. गवतात बसलेल्या काजव्यांच्या माद्या किती जणांच्या पायांखाली गेल्या असतील, कोण जाणे! धडावर दिवा असलेला पाचपुत्यांचा माणूस मला त्या क्षणी आठवला.

पाचपुत्यांच्या जन्मसालीच, १९८६ मध्ये, हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मग गाड्या बंदच कराव्यात, असे कुणी म्हणेल. पण आम्ही जेवलो त्या घरच्या मावशींनी भाकरी वाढता वाढता सांगितले, की पेरणीचे बियाणे ह्याच पंधरवड्याच्या पैशांतून येते. त्यांच्यापुढे बंदीची भाषा कोणत्या तोंडाने काढायची?

तेव्हा वाचकहो, अवश्य जा, पण ह्या बेताने जा. गर्दीचे शनिवार-रविवार टाळा. गाडी गावातच ठेवा आणि वाटाड्याबरोबर पायी चाला. विजेरीवर लाल कागद बांधा. झाडापाशी पोचल्यावर तीही मालवा. जेवण-मुक्काम गावातल्या घरी करा, म्हणजे गाड्या कमी आल्या तरी मावशींचे बियाणे अडणार नाही. अंधारात डोळे सरावायला पाव तास लागतो. मुले आधी कुरकुरतील; आमच्या धाकट्यानेही केली. मग त्याने माझा हात घट्ट धरला आणि बराच वेळ तो एक शब्दही बोलला नाही.