शकुंतलेपासून मीरेपर्यंत: बालगंधर्वांची कारकीर्द

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म 26 जून 1888 रोजी झाला. लहानपणीच त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले, असे परंपरा सांगते. 1905 मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि मिरजेत शकुंतला म्हणून उभे राहिले. मंडळीचे गायक-नट भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये वारले होते. त्यांच्यामागे मंडळीला गाणारी नायिका हवी होती, ती नारायणरावांच्या रूपाने लाभली.

या मंडळीसाठी लिहिणाऱ्यांत बुलढाणा जिल्ह्यातला एक वकील होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर जळगाव-जामोद आणि खामगाव येथे वकिली करत नाटके लिहीत. त्यांच्या ‘मूकनायक’मधली सरोजिनी बालगंधर्वांनी रंगवली. मराठी रंगभूमीची मोठी केंद्रे मुंबई-पुण्यात होती हे खरे. पण त्या रंगभूमीला शब्द पुरवणारी एक लेखणी वऱ्हाडात, कज्जे-खटल्यांच्या कागदांमध्ये चालत होती.

12 मार्च 1911 रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली. प्रयोग थांबला नाही. त्यांची नायिका भामिनी रंगमंचावर आली. 1913 मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. 1916 मध्ये ‘स्वयंवर’ नाटक आले. भास्करबुवा बखले यांच्या चालींनी त्यांची रुक्मिणी घरोघरी पोचली. बायका बालगंधर्वांची लुगडे नेसण्याची ढब आणि केशरचना उचलू लागल्या. पुरुषाने घडवलेली स्त्री स्त्रियांनाच अनुकरणीय वाटावी, हे यश केवळ रूपाचे नव्हते. त्यामागे चालण्या-बोलण्याचे बारीक निरीक्षण होते आणि गाण्यातून भाव उलगडण्याची असामान्य ताकद होती.

या ताकदीचा कस 1919 मध्ये ‘एकच प्याला’त लागला. त्याचे लेखक राम गणेश गडकरी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना गुरू मानत. नाटक रंगभूमीवर येण्याआधीच गडकरी वारले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. दारुड्या नवऱ्याची सिंधू जाडेभरडे लुगडे नेसते. शालू-दागिन्यांत शोभणाऱ्या नटाने ते दैन्य अंगावर घेतले आणि प्रेक्षक रडले. बालगंधर्वांची सर्वश्रेष्ठ भूमिका म्हणून सिंधूचेच नाव घ्यावे लागते.

8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी गायक-नट केशवराव भोसल्यांसह ‘संयुक्त मानापमान’ झाले. त्याच सुमारास मंडळीवर मोठे कर्ज चढले होते. उंची वस्त्रे आणि भव्य देखावे यांपुढे बालगंधर्वांना खर्चाचे भान राहत नसे. कर्जाचा भार मात्र त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतला आणि प्रयोग करतच तो फेडला.

पुढे काळच बदलला. 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, बोलपटाने प्रेक्षक ओढले. 1935 मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात बालगंधर्व संत एकनाथ झाले, पण पुरुषवेशातले बालगंधर्व लोकांच्या मनात बसले नाहीत. 1937 च्या ‘साध्वी मीराबाई’ या चित्रपटात त्यांनी पुन्हा स्त्रीवेश घेतला. त्यानंतर गायिका-अभिनेत्री गोहर कर्नाटकी मंडळीत आल्या. 1951 मध्ये त्यांच्याशी बालगंधर्वांचा विवाह झाला.

उतारवय आजारपणात आणि ओढगस्तीत गेले. 1955 मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि 1964 मध्ये पद्मभूषण त्यांना मिळाले. 15 जुलै 1967 रोजी त्यांचे निधन झाले. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर पुढच्याच वर्षी, 26 जूनला खुले झाले.