एक नट, ५२ पात्रे

बीडकडील एखादा मुलगा प्रथमच नाटकास येई. पडदा सरे, पाहतो तो रंगमंचावर एकच मनुष्य! मग वऱ्हाड कोठे आहे?

‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे यांचे नाटक १९७९ साली रंगभूमीवर आले. मराठवाड्यातील एक कुटुंब लग्नासाठी विलायतेस निघते, एवढीच कथा. तीतील ५२ पात्रे ते एकटेच उभी करीत. पाठ वाकली, आवाज बदलला, की दुसरेच पात्र बोलू लागे. हशा उसळला की नटाला थांबावे लागते. नाहीतर पुढील वाक्य त्यात बुडून जाते.

पण मुलाला खरे नवल वाटे ते भाषेचे. शाळेच्या वहीत ‘अशुद्ध’ म्हणून खोडली जाणारी आजीची बोली येथे रंगमंचावरून ऐकू येई, आणि शेजारची अनोळखी माणसे तिच्यावर जीव लावून हसत.