दोन सेंटिमीटरांचा हिशेब

आषाढातल्या एका पहाटे, जुन्नर तालुक्यातील एका वस्तीवरून नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडे निघालेली एक भरलेली पिकअप, डांबरी सडक अवघ्या शंभर पावलांवर राहिली असताना, पाणंदीतल्या गाऱ्यात पोटापर्यंत रुतलेली मी पाहिली. आणि तिच्यातले साठ क्रेट, प्रत्येकी वीस किलोचे, एकामागून एक डोक्यावरून सडकेपर्यंत पोचविणाऱ्या माणसांच्या रांगेत त्या दिवशी मीही उभा राहिलो. बाजार साधायची वेळ टळून गेली होती. गाडीचा मालक पंचविशीचा तरुण. हप्ते अद्याप फिटायचे होते. गुडघाभर चिखलात उभा राहून, मागच्या आखाच्या घासलेल्या गोळ्याकडे पाहत तो म्हणाला, "आता चाकंच मोठी टाकतो. रुंद टायर आन् मॅगव्हील. गाडी उचलली पायजे." त्या शब्दांत हौस थोडी होती आणि अपमानाची सल पुष्कळ होती. म्हणूनच आठवड्याभराने तो वडिलांना बरोबर घेऊन हमरस्त्यावरच्या टायरच्या दुकानी निघाला, तेव्हा मीही गाडीत बसलो.

दुकानात शिरताच नव्या रबराचा उग्र, किंचित गोडसर वास नाकात भरतो, आणि त्यात साबणाच्या पाण्याचा ओला वास मिसळलेला असतो. दर्शनी भिंतीवर चकचकीत मॅगव्हीले टांगली होती. काळी, रुपेरी, कडेला लाल रेघ ओढलेली. तरुणाची नजर तिथेच खिळली. मिस्त्री मात्र भिंतीकडे न पाहता उकिडवा बसून गाडीच्या जुन्या टायरवरचा चिखल अंगठ्याने पुसू लागला. साठीकडे झुकलेला, बोटांच्या रेषांत काजळी कायमची मुरलेला हा माणूस टायरच्या कडेवरची अक्षरे जुन्या दप्तरातली नोंद वाचावी तशी वाचतो. "१९५/८० आर १५," त्याने वाचले, आणि माझ्याकरिता अर्थ सांगितला. टायरची रुंदी १९५ मिलिमीटर; तिच्या शेकडा ८० इतकी कडेची उंची; आत बसणारे चाक १५ इंच व्यासाचे. तरुणाला हवा होता तो टायर २३५/७५ आर १५, म्हणजे रुंदीला थेट ४० मिलिमीटरांनी अधिक.

खडूने फरशीवर त्याने जो हिशेब मांडला तो मी नंतर घरी कागदावर करून पाहिला, आणि तो बिनचूक निघाला. जुन्या टायरचा एकूण व्यास ६९३ मिलिमीटर, मोठ्याचा सुमारे ७३३. वाढ चार सेंटिमीटरांची. तरुणाचा चेहरा उजळला, पण मिस्त्रीने खडूने वर्तुळाच्या मधोमध एक टिंब काढले आणि म्हटले, "आख हितं असतोय, मधी. निम्मी वाढ आखाच्या वर जाती, निम्मी खाली. गाडी उचलणार दोन सेंटिमीटर."

दोन सेंटिमीटर. त्याने आपले तर्जनीचे बोट आडवे धरून दाखविले. त्या बोटाच्या जाडीएवढी उंची मिळविण्यासाठी चार टायर आणि चार मॅगव्हीले विकत घ्यावयाची होती. मॅगव्हीलांना पर्याय नव्हता, कारण गाडीचे मूळ लोखंडी चाक साडेपाच इंच रुंदीचे, आणि २३५ च्या टायरला निदान सहा इंच रुंद चाक लागते. अरुंद चाकावर तो फुग्यासारखा फुगतो आणि वळणावर डुलतो.

या दोन सेंटिमीटरांचे मोल पैशाखेरीज इतर मार्गांनीही चुकते करावे लागते. जुने चाक एका किलोमीटरला ४५९ फेरे घेते, मोठे चाक ४३४. गाडीचे मीटर तर फेरेच मोजते, म्हणून काटा ६० दाखवीत असताना गाडी साडेत्रेसष्टच्या वेगाने धावत असते. इंजिनाची शक्ती तीच, गिअर तेच, पण चाकाची त्रिज्या वाढल्यामुळे जमिनीवरची ओढ शेकडा पाचाहून अधिक घटते, आणि भरलेल्या गाडीला चढणीवर खालचा गिअर आधी टाकावा लागतो. ब्रेकलाही तेच ओझे अधिक लांबीच्या तरफेवर थोपवावे लागते. मोठे चाक हे एखाद्या अलंकारासारखे वरून चढविता येत नाही. ते यंत्राच्या प्रत्येक अवयवाकडून आपला वाटा वसूल करते.

तरुणाने माघार घेतली नाही, आणि मिस्त्रीनेही त्याला धुडकावले नाही. "लावून बघू की," एवढेच तो म्हणाला. पुढचे डावे चाक उतरले. मिस्त्रीने हबावरच्या स्टडांचे अंतर मोजले: पाच स्टड, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर. हेच माप विलिसच्या जुन्या जीपचे. महायुद्धातून बाहेर पडून आपल्याकडच्या डोंगरवाटांवर आलेल्या त्या गाडीचा वारसा टोमॅटो वाहणाऱ्या या पिकअपच्या चाकात अजून नांदतो आहे, हे पाहून मला विलक्षण वाटले. मॅगव्हील बसले. जॅक उतरला. रुंद टायर मडगार्डच्या बाहेर डोकावू लागला, आणि खरोखर, गाडी देखणी दिसली. हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

"स्टेअरिंग पूर्ण फिरव," मिस्त्री म्हणाला. चाक वळले. मिस्त्रीने तेच तर्जनीचे बोट टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये घालण्याचा यत्न केला, आणि ते गेले नाही. कोणाचेही समर्थन वा खंडन न करता त्याने ते बोट तसेच पत्र्याला टेकवून धरले. मागच्या बाजूला बोटापुरती जागा होती. पण गाडी रिकामी होती. हौद्यात साठ क्रेट चढले, पाटे दबले, की ती जागाही उरणार नव्हती. त्या दिवसानंतर कित्येकदा मला ते काजळलेले बोट आठवले आहे. विद्यापीठाची पदवी नसलेल्या त्या माणसाजवळ मापनाचे इतके विश्वसनीय साधन होते, आणि ते वापरताना त्याच्या मुद्रेवर शिकविण्याचा आविर्भावही नव्हता.

तोपर्यंत स्टुलावर मूक बसलेल्या वडिलांनी आता टोपी सारखी केली आणि विचारले, "मिस्त्री, ह्यानं क्रेट किती जास्ती बसत्याल?"

मिस्त्रीने दोन्ही टायरांच्या कडेवरचा आणखी एकेक आकडा दाखविला. जुन्या टायरवर भारांक होता १०६, म्हणजे एका टायरची क्षमता ९५० किलो. तरुणाने निवडलेला रुंद टायर प्रवासी गाडीचा, त्याचा भारांक १०५, म्हणजे ९२५ किलो. दिसायला थोर असलेला टायर ओझ्याला मात्र उणा. मागच्या दोन चाकांवर मिळून पन्नास किलोंचा फरक. "जास्ती कुठलं? अडीच क्रेट कमीच धरा." आख तोच, पाटे तेच; आणि नोंदणीपत्रात लिहिलेले वजनही तेच राहणार.

म्हाताऱ्याने मान हलविली आणि बैलगाडीच्या चाकाची गोष्ट काढली. त्याच्या लहानपणी सुतार आणि लोहार मिळून धाव चढवीत. गोवऱ्यांच्या आगीत लोखंडी धाव लाल होई, ती चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवीत, वर पाणी ओतीत, आणि ती थंड होता होता आरे आणि तुंबा यांना आवळून धरी. "सुतभर सैल राहिली तर चाक खडखडायचं, सुतभर आवळ झाली तर आरं फुटायचं. मापात हौस चालत न्हाई, बाळा." मुलगा काही बोलला नाही, पण त्याने भिंतीकडे पाहणे सोडले.

कायद्याचे म्हणणेही ध्यानात घ्यावयास हवे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला आहे. पासिंगच्या दिवशी मडगार्डबाहेर आलेले चाक प्रथम नजरेत भरते. परंतु माझ्या मते, त्या दुकानात निर्णय झाला तो कायद्याच्या धाकाने नव्हे; पत्र्याला टेकलेल्या बोटाने झाला.

शेवटी ठरले ते असे: लोखंडी चाके तीच ठेवावयाची, आणि टायर २१५/७५ आर १५ घ्यावयाचे, मालवाहू जातीचे, भारांकाला जुन्याहून उणे नसलेले, खोल नक्षीचे. त्यांचा व्यास सुमारे ७०३. म्हणजे उंचीत लाभ केवळ पाच मिलिमीटरांचा. पण जुन्या टायरांची नक्षी कायद्याने आखून दिलेल्या १.६ मिलिमीटरांच्या मर्यादेपर्यंत झिजली होती, आणि गाऱ्यात गाडी फसण्याचे खरे कारण तेच होते. शिवाय चिखलाखाली कठीण जमीन असेल तर माफक रुंदीचे चाक चिखल कापून तळ गाठते, आणि फार रुंद चाक वरच्यावर घसरत राहते, हेही मिस्त्रीने समजावले.

पुढचे काम नित्याचे: जुने टायर उतरले, कडांना साबणाचे पाणी लागले, नवे चढले, हवा भरली, शिशाची वजने लावून तोल साधला. मात्र हवा भरताना टायरची कड चाकाच्या खाचेत बसते तेव्हा बंदुकीसारखा जो आवाज होतो, त्याने मी चारही वेळा दचकलो, आणि मिस्त्री चारही वेळा निश्चल राहिला. नट त्याने समोरासमोरचे, आळीपाळीने आवळले, आणि बजावले, "पन्नास किलोमीटरनं ये परत. पाना लावून बघू."

परतताना वडिलांनी हिशेब केला. मॅगव्हीलांचे वाचलेले पैसे पाणंदीच्या शेवटच्या शंभर पावलांवर मुरूम टाकण्यास पुरणार होते. पुढल्या रविवारी त्या वाटेवर दोन ट्रॉली मुरूम पडला; तो पसरविताना तरुण मध्येच वाकला, चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर, जिथे गाडीचा गोळा टेकला होता तिथे, त्याने आपले बोट आडवे धरले, आणि आणखी एक घमेले ओतले.