शंभराच्या नोटेत किती प्रोटीन?

महिना संपत आला की कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलामुलींची पहिली काटछाट जेवणावर होते. टेस्ट सिरीजचे पैसे भरलेले असतात, खोलीभाडं टळत नाही, मग दोन वेळची मेस एक वेळची होते आणि रात्र चहा-बिस्किटांवर निघते. सदाशिव पेठेत, लातूरच्या क्लासेसच्या भागात किंवा संभाजीनगरात कुठेही विचारा, हेच ऐकायला मिळेल. यात पोट तर मारलं जातंच, पण पैसेही फारसे वाचत नाहीत. कारण सगळ्यात ताकदीचं खाणं किराणा दुकानात सगळ्यात स्वस्त पोत्यांतच भरलेलं असतं.

नोटेचा हिशेब

भाव गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून हिशेबापुरते काही आकडे धरू. पनीर चारशे रुपये किलो धरलं तर शंभर रुपयांत पाव किलो येतं आणि त्यातून साधारण 45 ग्रॅम प्रोटीन मिळतं. अंडं सात रुपयांना धरा: 14 अंडी, म्हणजे 84 ग्रॅम. शेंगदाणे दीडशे रुपये किलो असतील तर 165 ग्रॅम. नव्वद रुपये किलोचे हरभरे घेतले तर दोनशेच्या आसपास. आणि 160 रुपये किलोच्या सोयाबीन वड्या? तब्बल सव्वातीनशे ग्रॅम! वाळलेल्या सोयावडीचं निम्म्याहून थोडं जास्त वजन प्रोटीनचंच असतं.

साठ किलो वजनाच्या निरोगी माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रोटीन पुरतं. किलोमागे 0.83 ग्रॅम, हा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब आहे. जिमच्या काउंटरवरचा महागडा डबा घेण्याआधी हा आकडा एकदा वहीत लिहून ठेवा.

सोयावड्यांना वास येतो म्हणून अनेक जण नाक मुरडतात. गरम मीठपाण्यात दहा मिनिटं भिजवा, घट्ट पिळा, ते पाणी फेकून द्या आणि मगच रस्श्यात टाका. वास बराच जातो.

वरणात जे आहे ते भातात नाही

भातात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत ते भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी पडतं, ते धान्यातून मिळतं. दोन्ही पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून निघते. एकाच घासात हवीत असंही नाही, दिवसभरात दोन्ही गेली तरी चालतं. तीन भाग धान्याला एक भाग डाळ किंवा कडधान्य असं प्रमाण आहारतज्ज्ञ सांगतात, आणि मेसचं गणित नेमकं इथे चुकतं. पोळ्या हव्या तितक्या, भात हवा तितका, पण आमटीत डाळ शोधावी लागते. खिशात मूठभर फुटाणे ठेवले की ही तूट भरून निघते. फुटाण्यांना ना फ्रीज लागतो ना गॅस, आणि वाचनालयात बसून ते आवाज न करता खाता येतात!

मटकीला मोड आणणं हाही फुकटातला फायदा आहे. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच, मोड आले की ते तयार होतं. शिवाय धान्यातलं लोह अडवून ठेवणारं फायटिक आम्लही कमी होतं. फक्त मोड कच्चे न खाता वाफवून घ्या. ओलसर उबेत मटकीसोबत जंतूही वाढतात आणि परीक्षेच्या तोंडावर पोट बिघडणं कुणालाच परवडत नाही.

पोह्यांवरचं लिंबू

पॉलिश केलेल्या शंभर ग्रॅम तांदळात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. पोह्यांत मात्र ते चार मिलिग्रॅमच्या वर असतं. त्यावर पिळलेलं लिंबू नुसत्या चवीसाठी नाही. वनस्पतींमधलं लोह शरीर सहजासहजी शोषत नाही, क जीवनसत्त्व सोबत असलं की ते जास्त शोषलं जातं. आणि आता वाईट बातमी: पोह्यांसोबतचा कटिंग चहा नेमकं उलटं काम करतो. चहातली टॅनिन लोहाला धरून ठेवतात. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, पोहे आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवा एवढंच. ज्या मुलींचं हिमोग्लोबिन कायम कमी येतं त्यांनी तर हे नक्की पाळावं. या बदलाला एक रुपयाही लागत नाही.

चटणीची बरणी

घरून येताना आई डब्यात चटणी भरून देते आणि आपण ती तोंडी लावायला म्हणून खातो. माझ्या मते महाराष्ट्रातल्या कोरड्या चटण्या हा विद्यार्थ्यांसाठीचा सर्वोत्तम पोषक पदार्थ आहे, आणि त्याचं पुरेसं कौतुक कधी झालेलं नाही. शंभर ग्रॅम तिळात बाराशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. म्हणजे दोन चमचे तिळाच्या चटणीतही शंभरेक मिलिग्रॅम येतं. जवसात ओमेगा-३ मेदाम्लं भरपूर असतात. शाकाहारी माणसाला ती मिळण्याचं इतकं स्वस्त दुसरं ठिकाण नाही, बदामातसुद्धा ती नसल्यातच जमा. जवस मात्र भाजून कुटलेलंच खावं, अख्खा दाणा बऱ्याचदा तसाच बाहेर पडतो. कारळं, शेंगदाणा, लसूण-खोबरं यांची बरणी नीट झाकून ठेवली तर फ्रीजशिवाय कितीतरी दिवस टिकते. कमी पगारात घर चालवणाऱ्या कितीतरी आयांनी मुलांना सांभाळलं ते या बरण्यांच्या जोरावर. गरम भाकरी, चटणी, वर कच्चं तेल आणि बाजूला कांदा: या ताटाला गरिबीचं ताट म्हणणाऱ्यांनी एकदा पोषणाचे तक्ते उघडून बघावेत.

नाचणीचंही तसंच. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. दूध परवडत नाही तेव्हा नाचणीच्या पिठाची आंबील करा.

मंडईत संध्याकाळी जा

पुण्यातली महात्मा फुले मंडई 1886 मध्ये ‘रे मार्केट’ या नावाने सुरू झाली, नाव बदलण्यात आचार्य अत्र्यांचा पुढाकार होता. पण विद्यार्थ्याला या इमारतीपेक्षा घड्याळ जास्त उपयोगी पडतं. दिवस मावळला की पालेभाजीचे भाव उतरतात, कारण उरलेली मेथी उद्या कुणी घेणार नाही. सुटी भाजी किलोने घेण्यापेक्षा वाटा घ्या. टोमॅटोचा किंवा वांग्यांचा तो छोटा ढीग एकट्यादुकट्याला दोन दिवस पुरतो. थोडे नरम टोमॅटो आमटीला उत्तमच. तांदुळजा, अंबाडी, चाकवत या भाज्या पालकापेक्षा बऱ्याचदा स्वस्त असतात, कारण हॉटेलवाले त्या घेत नाहीत.

फळांत पेरूला तोड नाही. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या चौपट. सफरचंद आजारी माणसाला भेटायला नेण्यापुरतं ठेवा. केळी बारमाही मिळतात आणि ती धुवावीही लागत नाहीत.

भूक आणि शिक्षण

महाराष्ट्रात शिकणाऱ्या मुलाच्या जेवणाची काळजी वाहण्याची जुनी परंपरा आहे. वार लावून जेवणं आणि माधुकरी मागणं यांवर कितीतरी पिढ्या शिकल्या. अशाच मुलांसाठी 1909 मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह सुरू झालं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत. त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. 1995 मध्ये सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली. 26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली: दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. शहरात या थाळीचा खर्च पन्नास रुपये धरला होता, दहाच्या वरचे चाळीस सरकार देत होतं. तेव्हा रांगेत उभं राहायला लाजणाऱ्या मुलांना एवढंच सांगायचंय: शिकणाऱ्याने समाजाचं अन्न खाल्लं तर त्यात कमीपणा नाही. तो हक्क फार आधीपासून तुमचा आहे.

रविवारची रात्र

रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद, हा जवळजवळ सगळीकडचा नियम. आठवड्यातले सगळ्यात जास्त नूडल्स बहुधा याच रात्री शिजतात. खोलीत काहीच शिजवू देत नसतील तर दडपे पोहे करा: पातळ पोहे, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, काकडी, भरपूर शेंगदाणे, मीठ, लिंबू, आणि ताटलीखाली पंधरा मिनिटं दडपून ठेवायचं. फोडणी नसली तरी अडत नाही.

आणि छोटा कुकर असेल तर खिचडी. दोन वाट्या तांदळाला एक वाटी मूगडाळ, इथे डाळीचा हात मुद्दाम सढळ ठेवायचा. जिरं, हळद, शेंगदाणे आणि चिरलेला पालक किंवा संध्याकाळच्या मंडईतली जी पालेभाजी हाताला लागेल ती. पाणी नेहमीपेक्षा जास्त, शिट्ट्या तीन. चार जणांत वर्गणी काढली तर माणशी खर्च एका वडापावाच्या जवळपास येतो. उरली तर गार होताच फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीज नसेल तर शेजारच्या खोलीचं दार वाजवा, रविवारी रात्री तिथेही कुणीतरी उपाशी असतं.