अचानक बदलणारी बाजारपेठ आणि खो-खोचा धडा

धुळे शहर आणि देवपूर यांच्या मधून पांझरा नदी वाहते. नदीस मोठा पूर आला की लहान पुलावरील वाहतूक थांबवावी लागते आणि देवपूरकर मोठ्या पुलाची वाट धरतात. शाळा, कचेऱ्या, दुकाने यांचे व्यवहार चालू राहतात. वाट तेवढी बदलते. दुसरा पूल आधीच बांधलेला असतो, म्हणूनच हे शक्य होते. देवपूरसारख्या वस्तीतील घरगुती उद्योगांचा माल आज ज्या वाटेने ग्राहकांपर्यंत पोहोचतो, तिच्याविषयीही असाच विचार होणे अगत्याचे आहे.

पापड, कुरडया, शेवया, मसाले, कळण्याचे पीठ हे पदार्थ करणाऱ्या भगिनींची बाजारपेठ पूर्वी शेजारपाजार, आठवडे बाजार आणि यात्रा यांपुरती मर्यादित असे. मोबाइल फोन हाती आल्यावर व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम यांच्या साहाय्याने पुणे, मुंबई, सुरत येथे स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांपर्यंत त्यांची मागणी पसरली. अशा माध्यमांतून मालाची माहिती देणे, ग्राहक जोडणे व मागणी मिळवणे यालाच डिजिटल विपणन म्हणतात. भांडवल थोडे लागते, हे त्याचे मोठे बळ होय. तथापि, ही वाट उद्योजकाच्या मालकीची नसते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

वाट बंद झाली तेव्हा

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. आठवडे बाजार थांबले आणि त्या चैत्रात यात्रा भरण्याचा प्रश्नच उरला नाही. ज्यांच्याजवळ ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक होते, त्यांना मोबाइलने आधार दिला. परंतु त्याच वर्षी २९ जून रोजी केंद्र शासनाने टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली. खानदेशातील खेड्यापाड्यांतूनही या माध्यमावर मोठा प्रेक्षकवर्ग मिळवणारे कलावंत पुढे आले होते. त्यांचा तेथील प्रेक्षकवर्ग एका रात्रीत दुरावला. त्यानंतर ४ ऑक्टोबर २०२१ रोजी तांत्रिक बिघाडामुळे फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सअॅप ही तिन्ही माध्यमे सुमारे सहा तास जगभर बंद पडली. तिन्ही एकाच कंपनीची असल्यामुळे, एक बंद पडल्यास दुसरे वापरू, हा हिशेबही त्या दिवशी चुकला.

याखेरीज काही बदल गाजावाजा न होता घडतात. कोणता मजकूर किती लोकांना दाखवायचा, याचे निकष माध्यम चालवणाऱ्या कंपन्या वेळोवेळी बदलतात. काल हजार जणांनी पाहिलेली जाहिरात आज शंभर जणांपर्यंतही पोहोचत नाही. ज्या भगिनीचे सर्व ग्राहक एकाच अॅपमध्ये आहेत, तिच्या दृष्टीने हा घरखर्चाचा प्रश्न ठरतो.

पटांगणातील शहाणपण

या अडचणीत उपयोगी पडणारे शहाणपण आपल्या मातीतील खो-खो या खेळात आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषक स्पर्धेत भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले. प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते.

परंपरागत खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. धावतो तो नववा. पळणारा गडी बसलेल्या खेळाडूंमधून पलीकडे निसटला तर पाठलाग करणाऱ्यास मधली पाटी ओलांडता येत नाही. तो त्या बाजूस तोंड करून बसलेल्या सहकाऱ्यास खो देतो आणि स्वतः त्याच्या जागी बसतो. येथे पळणारा गडी म्हणजे ग्राहकाचे लक्ष आणि पाठलाग करणारे खेळाडू म्हणजे आपली माध्यमे असे मानल्यास तीन गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट अशी की, धावतो एकच, परंतु तयार सगळे असतात. एकट्या उद्योजकाने दहा माध्यमांमागे धावणे व्यर्थ होय. वेळ व पैसा एका प्रमुख माध्यमावर खर्चावा. दुसरी एक-दोन माध्यमे अल्प श्रमात जागती ठेवावीत.

दुसरी गोष्ट दिशेची. सर्व खेळाडू एकाच दिशेस तोंड करून बसले तर डाव हातचा जातो. म्हणून पर्यायी वाट वेगळ्या प्रकारची असावी. ग्राहकांच्या संमतीने त्यांची नावे, पत्ते व क्रमांक लिहिलेली साधी वही, पाकिटावर छापलेला दूरध्वनी क्रमांक आणि ओळखीच्या दुकानात ठेवलेला थोडा माल या वाटा कोणत्याही कंपनीच्या निर्णयाने बंद होत नाहीत.

तिसरी गोष्ट म्हणजे खो स्पष्ट ऐकू जाईल असा द्यावा लागतो, आणि तो मिळण्यापूर्वी उठणे हा नियमभंग ठरतो. वाट बदलताना ग्राहकांना त्याची सूचना वेळेवर व निःसंदिग्ध शब्दांत मिळाली पाहिजे. त्याचप्रमाणे प्रत्येक नव्या अॅपची चर्चा ऐकताच जुने सोडून धावत सुटणेही इष्ट नव्हे. महिन्याभराच्या मागण्या कोणत्या वाटेने आल्या, हे वहीत पाहूनच निर्णय घ्यावा.

नाव मालाचे

माध्यमे बदलली तरी मालाची प्रत व नाव टिकवणे आपल्या हाती असते. जळगावच्या केळीस आणि भरिताच्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्यांच्या गुणांमुळे. घरगुती उद्योगांनीही अन्न सुरक्षा नोंदणी, स्वच्छ वेष्टन व एकसारखी चव यांकडे प्रथम लक्ष द्यावे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत यंत्रसामग्रीबरोबरच मालाचे नाव रुजवणे व विपणन यांसाठीही साहाय्याची तरतूद करण्यात आली.

उन्हाळ्यात गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या भगिनीस संगणकशास्त्र अवगत असण्याची गरज नाही. एक वही आणि दुसरी एक वाट तिने सुगीच्या दिवसांतच तयार ठेवावी. पांझरेला पूर आल्यावर पूल बांधायला कोणी निघत नाही.