मोरोक्कोची तटबंद शहरे

जागतिक वारसा यादीत मोरोक्कोची ९ स्थळे आहेत. (कंसात समावेशाचे वर्ष)

• मदिना : तटाच्या आतले जुने शहर. कसबा : गढी. क्सार : तटबंद गाव.

• फेस (१९८१) : देशातले पहिले वारसास्थळ. अल-करावियीन मशीद परंपरेनुसार इ.स. ८५९ची, तिथले विद्यापीठ आजही चालू. बहुतेक गल्ल्यांत मोटार शिरत नाही, माल खेचरांवरून आणि हातगाड्यांवरून जातो. मदिना पाहायची तर आधी ही.

• माराकेश (१९८५) : अकराव्या शतकात अल्मोराविद राजघराण्याने वसवले. सप्टेंबर २०२३च्या भूकंपात तटबंदीची हानी. जामा अल-फना चौकातील कथाकथनाची परंपरा अमूर्त वारशाच्या वेगळ्या यादीत.

• ऐत बेन हद्दू (१९८७) : मातीच्या बांधकामाचा क्सार.

• मेकनेस (१९९६), तेतुआन (१९९७), एस्सावीरा (२००१), रबात (२०१२).

• व्होलुबिलिस (१९९७) : मदिना नव्हे, रोमन नगराचे अवशेष.

• माझागान, आजचे अल जदिदा (२००४) : सोळाव्या शतकातला पोर्तुगीज किल्ला, भारताच्या सागरी वाटेवरचे ठाणे. पोर्तुगीजांनी तो १७६९मध्ये सोडला. गोवा त्यांच्याकडे १९६१पर्यंत राहिला.