बाकी चार उरली की उंदीर

शालिवाहन शकात १२ मिळवून ६० ने भागले की उरलेली बाकी संवत्सराचा क्रमांक देते. शके १९४६ साठी बाकी ३८ येते, म्हणजे क्रोधी संवत्सर. पंचांगाच्या या नादातूनच मी चिनी वर्षांच्या गणिताकडे वळलो.

तिथले सूत्रही तितकेच सोपे आहे. इसवी सनाला १२ ने भागावे. बाकी ० उरली तर माकड. पुढे क्रमाने कोंबडा, कुत्रा, डुक्कर, उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा आणि बकरी. २०२४ ची बाकी ८, म्हणून ड्रॅगन. सनाच्या शेवटच्या अंकावरून तत्त्व कळते : ४-५ लाकूड, ६-७ अग्नी, ८-९ पृथ्वी, ०-१ धातू, २-३ जल. दहा आणि बारा यांचा लसावि साठ, म्हणून हे चक्रही आपल्या संवत्सरांसारखे साठ वर्षांनी पुन्हा सुरू होते.

संगणकाला एवढे शिकवायला चार ओळी पुरतात, पण उत्तर चुकू शकते. कारण चिनी वर्ष १ जानेवारीला बदलत नाही. ते साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळातल्या अमावास्येला सुरू होते. २०२४ मध्ये तो दिवस १० फेब्रुवारीला आला. त्याआधी, ५ फेब्रुवारीला जन्मलेले मूल ड्रॅगनचे नव्हे, सशाचे. म्हणून प्रोग्रॅमला नववर्षदिनांचा तक्ता द्यावा लागतो. तारीख नववर्षदिनाच्या आधीची असेल, तर सनातून एक वजा करून मग भागायचे.

आता तक्ता कुठला घ्यायचा? व्हिएतनाममध्ये हेच चक्र चालते. फक्त सशाऐवजी मांजर आणि बैलाऐवजी रेडा. नियमही एकच : सूर्य उत्तरेकडे वळण्याचा क्षण ज्या चांद्रमासात येतो, तो अकरावा महिना. १९८४ च्या डिसेंबरात हा क्षण चिनी वेळेनुसार २२ तारखेच्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळाने आला. त्याच दिवशी अमावास्या होती आणि नवा महिना लागत होता. म्हणून तो अकरावा ठरला. व्हिएतनामचे घड्याळ एक तास मागे, त्यामुळे तिथे २१ तारीखच होती आणि आधीचा महिना अकरावा ठरला. परिणामी व्हिएतनामचे नववर्ष २१ जानेवारी १९८५ ला आले, तर चीनचे २० फेब्रुवारीला. १ फेब्रुवारीला हनोईत जन्मलेले मूल रेड्याचे, बीजिंगमध्ये जन्मलेले उंदराचे!

तेव्हा असा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने नुसते साल विचारून थांबू नये. पूर्ण तारीख विचारावी आणि पंचांग कुठल्या देशाचे, तेही विचारावे. भागाकार त्यानंतर.